रेडिओचा तास वाचवा

“पाणी येत नाही असं नाही, पण वेळेवर येत नाही.”

आमच्या गावात नळाला पाणी सोडणाऱ्या काकांनी आठवीतल्या मुलींना सांगितलेलं हे वाक्य. मुलाखत अकरा मिनिटांची झाली होती आणि कार्यक्रमाला हवं होतं एक मिनिट. शाळेच्या जुन्या संगणकावर ध्वनिमुद्रण उघडलं, आवाजाची ती करवतीच्या दात्यांसारखी रेघ पडद्यावर पसरली आणि मी तीन मुलींना सांगितलं, कापा. पहिलीने तिसऱ्या शब्दावर कापलं: “पाणी येत नाही.” दुसरी आणखी दोन शब्द पुढे गेली: “पाणी येत नाही असं नाही.” तिसरीने सुरुवात उडवली आणि शेवटचे तीन शब्द ठेवले: “वेळेवर येत नाही.” तिन्ही तुकडे एकामागून एक वाजवले. आवाज काकांचाच, शब्दही त्यांचेच, एकही अक्षर बाहेरून घातलेलं नाही. तरी पहिल्या तुकड्यात ग्रामपंचायतीवर मोर्चा निघाला असता, दुसऱ्यात सगळं आलबेल होतं आणि तिसऱ्यात कोण वेळेवर येत नाही, पाणी की काका, हेच कळेना.

वर्ग गप्प झाला. मग खिडकीजवळ बसलेल्या एका मुलीने विचारलं, “मॅडम, म्हणजे परवा आमच्या घरच्या ग्रुपवर तो ऑडिओ आला होता, तोपण कुणीतरी असाच कापलेला असंल?”

गेली बावीस वर्षं मी माईकसमोर आणि फळ्यासमोर आलटून पालटून उभी राहिले आहे, ती या प्रश्नासाठी. हा प्रश्न पुस्तकात छापून देता येत नाही. ज्याने स्वतःच्या हाताने एकदा वाक्य कापलं आहे, त्यालाच तो सुचतो. या तासाला आम्ही ‘रेडिओचा तास’ म्हणतो. आता पुढच्या महिन्याच्या वेळापत्रकात त्याच्या जागी स्पर्धा परीक्षेच्या सरावाचा तास लिहिला गेला आहे. माझ्या ओळखीच्या आणखी दोन शाळांत तो आधीच बंद पडला. एका ठिकाणी शिकवणाऱ्या ताईंची बदली झाली, दुसऱ्या ठिकाणी मानधनाचे पैसे संपले. कुठेही भांडण झालं नाही, कुणी वाईट हेतूने काही केलं नाही. तरी तास गेला. म्हणून हा लेख लिहिते आहे आणि तुमच्याकडे मदत मागते आहे.

आधी हे काम काय आहे ते सांगते, कारण त्याला धड नाव नाही. आकाशवाणीवर किंवा एखाद्या सामुदायिक रेडिओवर निवेदन करायचं, कार्यक्रम बांधायचे, संकलन करायचं. आणि उरलेल्या दिवसांत तेच कौशल्य घेऊन शाळा-महाविद्यालयांतल्या मुलांकडे जायचं. त्यांना बोलायला शिकवायचं, ऐकायला शिकवायचं आणि जे ऐकू येतं त्यावर प्रश्न विचारायला शिकवायचं. माध्यमसाक्षरता म्हणतात ती हीच. प्रसारण, शिकवणं आणि हे माध्यमभान, तिन्ही एकाच माणसाच्या अंगात असावी लागतात. नुसता निवेदक मुलांना गोड आवाजात वाचायला शिकवील, नुसता शिक्षक खोट्या बातम्यांवर निबंध लिहून घेईल. दोन्ही चांगलंच आहे, पण पाणीवाल्या काकांचं वाक्य मुलींच्या हातात देऊन त्यांना कापायला लावणारा माणूस वेगळा. असा माणूस कुठल्याही सरकारी आकृतिबंधात बसत नाही. शाळेच्या संचमान्यतेत कला आणि क्रीडा शिक्षकालाच जागा मिळताना मारामार, तिथे याला कोण विचारणार? रेडिओकडे तो ‘नैमित्तिक’ असतो, ड्यूटी मिळेल तेवढे पैसे. शाळेकडे ‘मानद’. दोन्हीकडे कामाचा, दोन्हीकडे उपरा.

मराठीला हा माणूस अनोळखी नाही. पु. ल. देशपांडे शाळेत आणि महाविद्यालयात शिकवत होते, मग आकाशवाणीत गेले आणि पुढे दिल्लीत दूरदर्शनच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी काम केलं. व्यंकटेश माडगूळकरांनी पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांत आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. माईकसमोरचा माणूस समोरच्या, न दिसणाऱ्या माणसाचा शिक्षकही असतो, ही समज तेव्हा आकाशवाणीच्या खोल्यांत होती.

त्याहून मोठी गोष्ट पुण्यातच घडली आणि ती आपण विसरलो याचं मला खरंच वाईट वाटतं. 1956 साली आकाशवाणी आणि युनेस्को यांनी पुण्याच्या आसपासच्या पाच जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. गावात रेडिओ संच द्यायचा, वीसेक जणांचं मंडळ करायचं, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीचा, गावाच्या प्रश्नांचा कार्यक्रम सगळ्यांनी एकत्र ऐकायचा. मग रेडिओ बंद करून त्यावर बोलायचं. पटलं का? आपल्या रानाला लागू पडतं का? काय करायचं? मंडळाचा चिटणीस ती चर्चा आणि गावाचे प्रश्न लिहून पुणे केंद्राला पाठवायचा आणि पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरं मिळायची. असे वीस कार्यक्रम झाले. टाटा समाजविज्ञान संस्थेसाठी पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. त्याने तीन तऱ्हेची गावं ताडून पाहिली: मंडळं असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओही नसलेली. लोकांच्या माहितीत मोठी भर पडलेली दिसली ती मंडळं असलेल्या गावांत. नुसता रेडिओ असलेली गावं फार मागे राहिली.

यातला शेवटचा भाग पुन्हा वाचा. यंत्र तेच, कार्यक्रम तोच, फरक पडला तो ऐकून झाल्यावर एकत्र बसून बोलण्याने. सत्तर वर्षांपूर्वी आपल्याच गावांत हे सिद्ध झालं. आज प्रत्येक घरात रेडिओपेक्षा शंभरपट ताकदीचं यंत्र आहे आणि ते बंद करून त्याच्याबद्दल बोलणारं मंडळ मात्र एकही नाही. रेडिओचा तास म्हणजे ते मंडळ. शाळेच्या खोलीत, चाळीस मुलांचं.

ते नसलं की काय होतं, ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. 1 जुलै 2018, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढा भागातून आलेले, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण. मुलं पळवणारी टोळी आली आहे, हा निरोप त्या दिवसांत मोबाईलवरून गावोगाव फिरत होता. जमावाने त्या पाच जणांना ठार मारलं. मारणाऱ्यांपैकी कुणीही त्या सकाळी खून करायला घरून निघालेलं नव्हतं. बाजाराला आलेली माणसं होती ती. पुढे दोन वर्षांनी पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे चोर आल्याच्या अफवेवरून तिघांचा जीव गेला.

2018 च्या त्या दिवसांत देशभर फिरलेली एक चित्रफीत मी मुलांना दाखवते. दोघे मोटारसायकलवरून येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि पसार होतात. पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. मूळ चित्रफीत कराचीतल्या एका संस्थेने लोकांना सावध करण्यासाठी बनवली होती. मूळ फितीत ते दोघे परत येतात, मुलाला सुखरूप सोडतात आणि फलक दाखवतात, त्यावर मूल पळवणं किती सोपं आहे अशा अर्थाचा मजकूर असतो. कुणीतरी शेवट कापला. एवढंच. शेवट कापला आणि जनजागृतीची जाहिरात गुन्ह्याचा पुरावा झाली. पाणीवाल्या काकांच्या वाक्याचं आमच्या मुलींनी केलं तेच, फक्त इथे माणसं मेली.

हे सांगून झाल्यावर मुलं नेहमी एक गोष्ट विचारतात: “कापलेलं कसं ओळखायचं?” मग खरा तास सुरू होतो. आवाजाच्या मागचा आवाज ऐका. बोलणारा बोलतोय आणि मागे पंखा घरघरतोय, तो मध्येच थांबून पुन्हा सुरू झाला का? श्वास कुठे घेतला? वाक्य संपताना आवाज खाली येतो, इथे वरच कसा तुटला? चित्र असेल तर दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीतल्या आहेत, गाड्यांचे क्रमांक कुठले, माणसांच्या अंगावर स्वेटर आहे आणि निरोपात मात्र ‘कालची घटना’ असं मे महिन्यात कसं लिहिलंय? एका मुलाने एकदा पुराच्या चित्रफितीतली नारळाची झाडं मोजून सांगितलं, हे आपल्या तालुक्यातलं नाही, आपल्याकडे एवढी झाडं एका ठिकाणी नाहीतच. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. त्याआधी महिनाभर तो गावातले आवाज गोळा करत फिरला होता: गिरणीचा, पिठाचा डबा आपटण्याचा, लोहाराच्या भात्याचा, एसटी वळण घेताना होणारा. ज्याने आपलं गाव कान देऊन ऐकलं, त्याला परकं गाव ओळखू येतं.

आता तर आवाजच नकली बनवता येतो. एखाद्याच्या बोलण्याचा छोटासा नमुना घेऊन यंत्र त्याच्याच आवाजात न बोललेली वाक्यं तयार करतं. माझी खात्री आहे की यापुढे पंख्याची घरघर आणि श्वास ऐकून सगळं पकडता येणार नाही. तेव्हा उपयोगी पडेल ती दुसरी सवय: हे मला कुणी पाठवलं, त्याला कुणी पाठवलं, मूळ माणसाला विचारायची सोय आहे का, नसेल तर मी पुढे का पाठवतोय? माझ्या वर्गातली मुलं घरच्या मोठ्यांना हे विचारतात. आजोबांना विचारायची भीती वाटते असं म्हणतात, तरी विचारतात. एका मुलीने आत्याला फोन करून ‘तुम्ही स्वतः बघितलं का?’ असं विचारलं म्हणून घरी बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती ते वर्गात सांगत होती तेव्हा तिचे डोळे भरले होते. तिच्या बाजूने घरी उभं राहणारं माणूस हवं, म्हणून मी पालकांशी बोलते आहे.

काही पालक मला सरळ विचारतात, हे मोबाईलवर शिकवा की, रेडिओ कशाला? प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं की रेडिओ स्वस्त आहे आणि त्यात चेहरा लागत नाही. साधा रेकॉर्डर किंवा एखाद्या शिक्षकाचा फोन, एक संगणक, फुकट मिळणारं संकलनाचं सॉफ्टवेअर आणि जाड गोधडी टांगून शांत केलेली एक खोली, एवढ्यात काम होतं. चेहरा नसल्यामुळे जी मुलं कधीच पुढे येत नाहीत ती येतात. सातवीतला एक मुलगा वर्गात उभं राहून वाचताना थरथरायचा. त्याचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे आणि तो आजीजवळ राहायचा. त्याला मी सांगितलं, आईला जे सांगायचंय ते या डबीत बोल. त्याने सात मिनिटं सांगितलं. शेळीला पिल्लू झालं, आजीचा गुडघा दुखतो, गणिताच्या सरांनी पाठ थोपटली, पाण्याच्या टाकीवर मधमाश्यांचं मोहोळ लागलंय. ते ध्वनिमुद्रण फडावर पोचलं आणि उसाच्या गाडीजवळ दहा-बारा जणांनी एकत्र ऐकलं, असं त्याच्या आईने नंतर सांगितलं. त्याच्या बोलीतला एक शब्दही मी सुधारला नाही. पुस्तकी मराठीत नसलेली आपली भाषा माईकवर चालते, हे कळलं त्या दिवसापासून तो मुलगा वर्गात बोलायला लागला. ज्याला स्वतःच्या आवाजाची किंमत कळते, तो दुसऱ्याच्या आवाजाची मोडतोड सहज सहन करत नाही. माध्यमसाक्षरतेचा पाया मला इथे दिसतो. खोट्या बातम्यांची यादी पाठ करून तो घातला जात नाही.

आणि हे एकट्या-दुकट्याच्या हौसेचं काम नाही, मोठ्या प्रमाणावरही होतं, याचा पुरावा नाशिकला आहे. 2020 च्या टाळेबंदीत शाळा बंद झाल्या तेव्हा स्मार्टफोन नसलेली मुलं एकदम शिक्षणाबाहेर गेली. नाशिकच्या रेडिओ विश्वास या 90.8 एफएमवरच्या सामुदायिक रेडिओने ‘शिक्षण सर्वांसाठी’ हा उपक्रम सुरू केला. तिसरी ते दहावीच्या मुलांसाठी जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांतल्या शिक्षकांनी स्टुडिओत येऊन धडे ध्वनिमुद्रित केले, पंधरा-पंधरा मिनिटांचे. सुमारे पन्नास-साठ हजार मुलांपर्यंत ते पोचले आणि राज्यातल्या इतर काही सामुदायिक रेडिओंनीही ते वाजवले. जे शिक्षक कधी माईकसमोर उभे राहिले नव्हते, ते त्या महिन्यांत प्रसारक झाले. म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी दुष्काळी भागातल्या बायकांना माईक देते, पुणे विद्यापीठाची विद्यावाणी आणि मुंबई विद्यापीठाचा मस्ट रेडिओ विद्यार्थ्यांना स्टुडिओत घेतात. खोल्या आहेत, ॲन्टेना आहेत. कमी आहे ती त्या खोलीतून शाळेपर्यंत रोज चालत जाणाऱ्या माणसाची.

या लहरी कुणाच्या, हा प्रश्नही आपल्याच एका माणसाने निकालात काढला आहे. 9 फेब्रुवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून उभ्या राहिलेल्या खटल्यात निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. निकाल लिहिणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. त्याच वाटेने पुढे 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना आणि 2006 मध्ये स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ चालवायची मुभा मिळाली. आज देशात अशी पाचशेवर केंद्रं आहेत. शंभर वॉटची मर्यादा, त्यामुळे आवाज पोचतो तो आसपासच्या काही किलोमीटरमध्ये. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा पुढे देणं सोडलं तर स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, जाहिरातींच्या मिनिटांवर आणि दरांवर मर्यादा. अशा चिमुकल्या केंद्राला दोन पगार काढतानाच घाम फुटतो, तिथे शाळांत जाणारा तिसरा माणूस पहिला कापला जातो. गाणी वाजवायला माणूस लागत नाही, संगणक रात्रंदिवस वाजवतो. मुलं मात्र संगणक घडवत नाही.

आकाशवाणीकडेही हेच झालं. तरुणांसाठीचा ‘युववाणी’ हा विभाग दिल्लीत 1969 साली सुरू झाला आणि मग इतर केंद्रांवर पसरला. कित्येक निवेदक, लेखक, नट पहिल्यांदा माईकसमोर उभे राहिले ते तिथे. डिसेंबर 2018 मध्ये आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी आणि पाच शहरांतल्या प्रादेशिक प्रशिक्षण अकादमी बंद करण्याचा आदेश निघाला. खर्च वाचवायचा होता. प्रशिक्षणावरचा खर्च वाचवला की पुढच्या पिढीला शिकवणारे हात वाचवायचे राहून जातात, हे मी कुणावर राग काढण्यासाठी लिहीत नाही. आपण हीच चूक पुन्हा करू नये म्हणून लिहिते.

कारण महाराष्ट्राने ती एकदा केली आहे. पुण्यात 1984 मध्ये बालचित्रवाणी सुरू झाली. मुलांसाठी, मराठीत, शिक्षणाचे दूरचित्रवाणी कार्यक्रम करणारी राज्याची स्वतःची संस्था. माझ्या वयाच्या खेड्यातल्या मुलांना शाळेतला एकुलता एक टीव्ही आणि त्यावरची बालचित्रवाणी आठवत असेल. वर्गखोलीच्या खिडक्यांना चादरी लावून अंधार केलेला, सगळी शाळा जमिनीवर दाटीवाटीने बसलेली. त्या संस्थेत शिक्षण समजणारे निर्माते होते आणि कॅमेरा समजणारे शिक्षक होते. मी वर ज्या माणसाचं वर्णन केलं, तो तिथे पगारावर होता. केंद्राचा निधी आटला, पगार रखडले, माणसं निवृत्त होत गेली, नव्या नेमणुका झाल्या नाहीत आणि 2017 मध्ये संस्था बंद झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी टाळेबंदी आली आणि सगळा महाराष्ट्र विचारू लागला, मुलांसाठी मराठीत दूरचित्रवाणीचे धडे कोण करू शकेल?

संस्था मेल्यावर तिची गरज सिद्ध होते, हे फार महागात पडणारं शिक्षण आहे. रेडिओच्या तासाचं तसं होऊ देऊ नका.

आवाज उठवून उपयोग होतो का? होतो. जून 2023 मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रातला प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा आदेश आला होता. श्रोत्यांनी, पत्रकारांनी, राजकीय नेत्यांनी विरोध केला आणि काही दिवसांतच त्याला स्थगिती मिळाली. सकाळच्या बातम्यांची सवय असलेल्या सामान्य माणसांनी पत्रं लिहिली, फोन केले. मोठी चळवळ नव्हती ती. आपल्या घरातला आवाज जाऊ नये एवढंच म्हणणं होतं.

केरळने तर पुढचं पाऊल टाकलं. कण्णूर जिल्ह्यात 2018 च्या सुमारास जिल्हाधिकाऱ्यांच्या पुढाकाराने सुमारे दीडशे सरकारी शाळांत खोटे निरोप ओळखायचे वर्ग सुरू झाले, नाव होतं ‘सत्यमेव जयते’. पुढे राज्याने तेच काम लाखो विद्यार्थ्यांपर्यंत नेलं. एका जिल्ह्यात सुरू झालं आणि राज्याचं झालं. महाराष्ट्रात 36 जिल्हे आहेत. एक जिल्हा पुढे येईल का?

तुम्ही पालक असाल तर सुरुवात तुमच्याच हातात आहे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करायचा अधिकार तिला आहे. पुढच्या बैठकीत एक ठराव मांडा: आठवड्यातून एक तास ऐकण्या-बोलण्याचा आणि आलेली माहिती तपासण्याचा. पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ राज्याने मान्य केलेलाच आहे. वेगळा तास मागायचीही गरज नाही, त्या शनिवारातला एक तास द्या. मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत. त्यांना मागणारे पालक भेटत नाहीत एवढीच अडचण आहे, हे मला अनेक मुख्याध्यापकांनी स्वतः सांगितलं आहे.

ग्रामपंचायत सदस्य असाल तर एक खोली द्या आणि गावाच्या स्वतःच्या उत्पन्नातून वर्षाला थोडं मानधन ठेवा. गावच्या यात्रेच्या लाऊडस्पीकरला आपण याहून जास्त देतो. निवृत्त शिक्षक असाल, आकाशवाणीतून किंवा वर्तमानपत्रातून निवृत्त झाला असाल, तर तुमच्या जवळच्या शाळेत महिन्यातून दोन वेळा जा. तुमच्या हातात अजून संकलनाची कला आहे, बातमी पडताळून पाहायची शिस्त आहे. ती तुमच्यानंतर कुठे ठेवली जाणार आहे? सामुदायिक रेडिओ चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती: गाण्यांचे तास वाढवा, पण शाळेत जाणाऱ्या माणसाला काढू नका. मुलांनी केलेला अर्ध्या तासाचा कार्यक्रम आठवड्यातून एकदा लावा. त्यांचे आईवडील, चुलते, शेजारी सगळे ऐकतील. याहून चांगला श्रोता तुम्हाला जाहिरात देऊन मिळणार नाही.

आणि शिक्षण विभागाकडे, प्रसार भारतीकडे मागणं आहे ते एकच आणि ते मी मोठ्याने मागते: या कामाला पद द्या. जिल्ह्याला एक. डी.एल.एड. आणि बी.एड. करणाऱ्या मुलामुलींना सहा आठवडे जवळच्या रेडिओ केंद्रावर पाठवा. रेडिओवरच्या नैमित्तिक निवेदकांना शाळेतला तास हा ड्यूटीचाच भाग धरून पैसे द्या. एखाद्या हुशार मुलीने बारावीनंतर ‘मला रेडिओवर काम करायचंय आणि शिकवायचंय’ असं म्हटलं, तर आज तिला मी काय सांगू? आवाज चांगला असला तर व्यावसायिक एफएमवर जा, नाहीतर शिक्षक भरतीची वाट बघ, या दोनच वाटा दाखवू? तिला तिसरी वाट दाखवता यावी, पगाराची, सन्मानाची, एवढंच मागणं आहे.

खिडकीजवळच्या त्या मुलीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. त्या संध्याकाळी तिने घरच्या ग्रुपवरचा तो ऑडिओ पुन्हा ऐकला, हेडफोन लावून, तीन वेळा. दुसऱ्या दिवशी वहीत लिहून आणलं: दोन ठिकाणी मागचा कुत्रा भुंकता भुंकता मध्येच थांबतो. मग आम्ही तो वर्गात सगळ्यांनी मिळून ऐकला. खरंच थांबत होता.

आमचा तास शनिवारी सकाळी साडेआठला असतो, जुन्या इमारतीतल्या शेवटच्या खोलीत. या महिन्यातले चार शनिवार हातात आहेत. गोधडी टांगलेली आहे, रेकॉर्डर चार्ज केलेला आहे, मुलं येतात. व्यवस्थापन समितीची बैठक महिनाअखेरीला आहे. त्याआधी तुमच्या गावातल्या शाळेच्या समितीला पत्र लिहा, आमच्या गावात असाल तर बैठकीला येऊन बसा आणि हात वर करा.